पाडव्याचा कडू पाक

भाकरीचं पीठ निम्मं मळून झालं होतं. तेवढ्यात जानकीबाई परातीतून हात काढून परसात गेल्या. सकाळपासूनची ही चौथी खेप. मधमाश्यांच्या पेटीतली पाकाची वाटी भरलेली ती भरलेलीच.

धारूरच्या डोंगराकडे दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली होती. शिवारात फूल म्हणून उरलं नव्हतं. बायकांच्या मधुपालन सोसायटीनं दिलेल्या दोन पेट्यांपैकी एकीतल्या माश्या उठून गेल्या होत्या. उरलेली ही एक साखरेच्या पाकावर तगून होती, आणि पाडव्यापासून माश्या पाकाला शिवत नव्हत्या. आणखी दोन दिवस असेच गेले तर पेटी रिकामी होणार.

सोसायटीची शिवकन्या आली. पेट्या बघत गावोगाव हिंडणारी पोर. तिनं आधी पाकात काय घातलं ते विचारलं.

"साखर आन् पाणी. पाडव्याला वाईच निंबाचा रस घातला. घरात समद्यांना देते, यांनाच कावून वगळायचं?"

"मावशी, घरातली माणसं तुमच्या धाकानं गिळतात. माशीला कुणाचा धाक?"

शिवकन्येनं एक माशी बारीक नळीत अलगद धरली, डोकं तेवढं बाहेर. काडी निंबाच्या पाकात बुडवून तिच्या मिशीला लावली. माशी ढिम्म. मग नुसत्या साखरपाण्याची काडी लावली, तशी इवलीशी सोंड लगेच बाहेर आली.

जानकीबाई बघतच राहिल्या. तोंडाला थेंबही न लागता हिला चव कळली कशी?

शिवकन्या सांगत होती, माशीला मिशीनं, पायानंसुद्धा चव कळते. मिशीवरच्या केसातून निरोप निघतो, तो खसखशीएवढ्या मेंदूत जातो. चव ओळखणारी जनुकं आईबापाकडून येतात. केळ्यावरच्या चिलटाला ती साठेक, मधमाशीला जेमतेम दहा-बारा.

"एवढ्यावर भागतं तिचं?"

"फूल तिला आपणहून बोलावतं. लई पारख कशाला लागतीय?"

शाळा नाही, गुरू नाही. जन्मतःच कडू-गोड सोबत घेऊन आलेला जीव. देवानं केवढ्याशा जागेत केवढं भरलंय, या विचारानं जानकीबाईंच्या अंगावर काटा आला. आपण मात्र तिला निरोगी करायला निघालो होतो.

त्यांनी वाटी राखेनं घासली, तीनदा विसळली, डब्याच्या तळाची साखर विरघळवून आत ठेवली. बराच वेळ काही नाही. मग एक माशी काठावर उतरली, तिनं मिशी टेकवली, सोंड लांबवली. तिच्यामागून दुसरी, मग पाच-सहा.

उद्याच्या पाकाला साखर नव्हती. परातीतलं निम्मं मळलेलं पीठ झाकून जानकीबाई पिशवी घेऊन सोसायटीत साखर आणायला निघाल्या.