बबनभाऊंची ट्रायल

सायकल दुरुस्त होईपर्यंत माणूस करणार काय? शेजारी ताटकळलेल्याला आपली हकीकत सांगणार, त्याची ऐकणार. असेच किस्से माझ्याकडे साठत गेले, ते जुन्नरच्या बबनभाऊंच्या सायकल दुकानात. नव्वदच्या दशकात मी लेण्याद्रीपलीकडच्या एका वाडीवर प्राथमिक शाळेत शिकवायला सायकलने जायचे. रस्ता खडीचा, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी दुकानापुढे उभं राहणं आलंच.

उभं राहणंच, कारण तिथं बसायला काही नव्हतं. पत्र्याची टपरी, पाण्याचं घमेलं आणि हवेचा पंप. बबनभाऊ स्वतःच कधी बसत नसत, तर गिऱ्हाइकाला स्टूल कुठलं? काम नीट करायचे, पण पायाला भिंगरी होती. दुरुस्त केलेली सायकल ट्रायल घेतल्याशिवाय ते हातात देत नसत. आणि ट्रायलला गेलेले भाऊ परत कधी येतील, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येत नसे.

*

मी नवीन होते. ब्रेक बसवून झाल्यावर बबनभाऊ कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले आणि माझ्या सायकलवर टांग मारून निघाले. कोपरा आला, गेला. शाळा भरायची वेळ जवळ येऊ लागली. मी टपरीपुढे येरझाऱ्या घालतेय, प्रत्येक घंटी ऐकून मान वळवतेय. शेवटी एक दूधवाला थांबला. म्हणाला, भाऊ लेण्याद्रीच्या पायथ्याला चहा पीत बसलेत.

आले ते घामाघूम आणि एकदम खूश. "बाई, ब्रेक एक नंबर झालाय. उतारावर दाबून बघितला."

उताराला एवढा वेळ लागतो का, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"उतार पायजे तर आधी चढाया लागतंय ना, बाई."

*

बाजारपेठेतल्या एका टेलरमामांनी यावर उपाय काढला होता. लग्नसराईचे दिवस, कपड्यांसाठी लोक मामांच्या दुकानात खोळंबलेले. मामांनी सायकल दिली, पण आधी सीट काढून घेतली आणि काखेत धरून उभे राहिले. आता कसा लांब जातो बघू, असं आम्हा सगळ्यांना ऐकवलंही.

बबनभाऊ उभ्यानं पायडल मारत गेले. नेहमीपेक्षा उशिरा आले. मामा काखेत सीट घेऊन अजून तसेच.

"सीट न्हवती ते लई बरं झालं, राव," भाऊ म्हणाले. "बसलं की माणूस आळसावतो."

*

गिऱ्हाइकांच्या तक्रारी शेवटी घरी पोचल्या. भाऊंच्या बायकोने, शांतावहिनींनी, दुकानात येऊन बजावलं की यापुढे ट्रायलला त्या स्वतः सोबत असणार. आम्हाला हायसं वाटलं. पुढची सायकल दुरुस्त झाली, वहिनी कॅरिअरवर बसल्या आणि दोघं गेली. आता दुकानात मालकही नाही आणि मालकीणही नाही.

लोक येतच होते. कुणी हवा भरा म्हणे, कुणी पंक्चर बघा म्हणे. मला नुसतं उभं राहवेना, म्हणून पदर खोचून मीच पंप धरला. त्यात स्कूटर ढकलत एक गृहस्थ आले. त्यांच्या चाकातही हवा भरली. तोंडाला काळं लागलं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेची तपासणी झाली. नवीन साहेब वर्गात शिरले, माझ्याकडे पाहून थबकले. मी ओळखलं आणि फळा पुसायला वळले. साहेबांनी मुलांचे पाढे ऐकले, वह्या पाहिल्या. जाताना दारात वळून हळूच म्हणाले, "बाई, हवा टिकली बरं का."

*

आमच्या वाडीवर धोंडीबा राहायचा. मेंढरं राखायचा. हायस्कूल जुन्नरला, लांब, म्हणून त्याची थोरली चौथीतच शाळेतून निघाली आणि लवकर लग्न होऊन गेली. धाकटी मनीषा माझ्याकडे चौथी झाली तेव्हा हिला तरी हायस्कूलला घाल, असं मी त्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तो मान हलवायचा आणि मेंढरांमागे निघून जायचा.

एक दिवस तो कुणाची तरी जुनी मोठी सायकल खांद्यावर घेऊन दुकानात आला. हातात धरून आणायची असते हेही त्याला माहीत नव्हतं. भाऊंना म्हणाला, "पोरीला पाडणार न्हाई, अशी करून दे."

भाऊंनी चाकं सरळ केली, ब्रेक नवे घातले. मनीषा दांड्याखालून पाय घालून कैची मारायला शिकली आणि जूनपासून हायस्कूलला जाऊ लागली.

थोड्याच दिवसांत तिकडच्या बाई मला भेटल्या. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, पण रोज उशीर. चालत येणाऱ्या मुली हिच्या आधी पोचतात. रोज असा उशीर व्हायला लागला तर हिचीही शाळा सुटणार. सायकलच बिघडली असेल म्हणून भाऊंना विचारलं, तर त्यांनी तिची ट्रायल घेतली होती; सायकल वाऱ्यासारखी पळत होती.

मग मी धोंडीबाला गाठलं. तो काठीनं माती उकरू लागला.

"मी जातो रोज तिच्या मागनं, पळत," तो म्हणाला. "पार शाळेच्या फाटकापातुर. घरी बसवत न्हाई, बाई. तिला म्हाईत न्हाई. मागं वळून बघंल आन् पडंल, म्हणून सांगितलं न्हाई. तुमीबी सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण उशिराचं विचारायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात मनीषाला थांबवलं आणि एवढी हळू का चालवतेस, असं विचारलं.

तिनं मान न वळवता आवाज खाली आणला.

"बापू मागं पळतोय ना, बाई. त्याच्या वहाणांची करकर ऐकू येती. जोरात चालवली तर त्याला दम लागतो. तुमी त्याला सांगू नका."