जळगावच्या मशीनमधलं धुळं

भाऊ गेल्याचं त्यांच्या मुलीने, मीनलने, फोन करून कळवलं. "काका, बाबा पहाटे गेले," असं सांगून मलाच धीर देत ती म्हणाली, "तुम्ही घाई करू नका, सावकाश या." सावकाश! धुळ्याहून जळगाव म्हणजे पारोळा, एरंडोल मागे टाकलं की आलंच. तरी कित्येक वर्षं मी 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत राहिलो आणि भाऊ 'ये सवडीनं, घर का कुठी पळून जातं?' म्हणत राहिले. त्या दिवशी मात्र मिळेल ती एसटी धरली. जिवंतपणी ज्याला भेटायला सवड झाली नाही, त्याला खांदा द्यायला मी वेळेवर पोचलो... या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण ही बोचणी कमी होत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

मुरलीधर भारंबे त्यांचं नाव. पण आमच्या जळगावच्या पाइप कारखान्यात मालकांपासून हमालापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. मूळचे फैजपूरचे, घरी केळीच्या बागा, आणि हा माणूस मात्र गारेगार खोलीत काळ्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरशेजारी स्वेटर घालून बसलेला. ते मशीन परदेशी होतं. मोठ्या बँकांकडे असायचं तेवढं अजस्र नाही, टेबलावरच्या पीसीएवढं लहानही नाही, धंद्यासाठी बनवलेलं मधल्या मापाचं. पगार, बिलं, माल सगळं त्यावर चाले. ते कधी बंद पडत नसे, आणि बाहेरचं काही पोटात घेतही नसे. कारखान्याच्या धुळ्यातल्या माल ठेवायच्या डेपोत मी एकटा, माझ्यापुढे एक छोटं युनिक्स मशीन. युनिक्सवर बारीकसारीक अवजारं असतात. एक हवी ती ओळ शोधतं, एक ओळी क्रमाने लावतं, एक दोन याद्या ताडून बघतं. ती एकापुढे एक जोडून मी डेपोचं सगळं काम बसवलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वडील आधीच गेलेले, मी एकुलता एक. बायको शाळेत शिकवायची. दुपारी डेपोतून घरी येऊन आईला भरवणं माझ्याकडे होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ती खात नसे, तोंड मिटून घ्यायची. आणि नेमकं तेव्हाच कारखान्याने ठरवलं की दोन ठिकाणी दोन तऱ्हेची मशीनं नकोत. धुळ्याचं बंद करायचं, सगळं जळगावच्या मशीनवर आणायचं, आणि त्यासाठी माझे सगळे प्रोग्रॅम मी जळगावला राहून नव्याने लिहायचे. दिवाळीनंतर हजर व्हा, असा हुकूम. आईला हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. नोकरी सोडावी तर घर कसं चालायचं... मी भाऊंना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते नुसतं 'हं' म्हणाले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते न कळवता धुळ्याला आले. आईच्या खाटेजवळ स्टुलावर बसले. आईने डाव्या हाताने त्यांना जेवायची खूण केली, आणि भाऊ खरंच जेवायला बसले, भाकरी मागून घेतली. हात धुताना म्हणाले, "दिलीप, तू जळगावले येऊ नको. तुह्ये प्रोग्रॅम येतीन."

"भाऊ, ते तुमच्या मशीनवर चालणार नाहीत. तिथं युनिक्सची अवजारंच नाहीत."

"नाहीत तं घडवू."

एका मासिकाबरोबर आलेली सीडी त्यांच्याकडे होती. जगभरच्या लोकांनी लिहिलेली तीच अवजारं तिच्यावर होती, मूळ मजकुरासकट. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणाची ना नाही. कारखान्याने कधीतरी घेतलेला सी कंपायलर, म्हणजे तो मजकूर मशीनला चालेल असा करून देणारा प्रोग्रॅम, कपाटात पडून होता. हे ऐकून आमचे मॅनेजर राणेसाहेब हादरले. "फुकट? भारंबे, फुकट देणारा नंतर मानगुटीवर बसतो." भाऊ म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत बागेत लावायले केळीचे मुनवे मागितले तं कोनी नाही म्हनत नाही. लावायची मेहनत मात्र आपली." राणेसाहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोपर्यंत दोन्हीकडच्या मालाच्या याद्या त्या मशीनवर जुळल्या तर ठीक, नाहीतर पाटील, म्हणजे मी, जळगावला.

मेहनत कसली असते ते मग कळलं. त्या मशीनची अक्षरं साठवायची पद्धतच निराळी. सीडीवरचा मजकूर आत घेतला की चौकोनी कंस भलत्याच चिन्हांचे होऊन बसायचे. ऑफिसातली मंडळी जेवायला गेली की भाऊ ते ओळीओळीने दुरुस्त करत. मग डबा खायला वेळ उरायचा नाही. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "तुमच्या भाऊंचा डबा रोज भरलेलाच परत येतो. त्यांना मशीन जेवू घालतं काय?" मी हसलो. आज ते हसणं आठवलं की बरं वाटत नाही.

दिवाळीच्या तोंडावर अवजारं चालू लागली. मशीनच्या आत भाऊंनी माझ्या प्रोग्रॅमसाठी एक वेगळा कप्पा केला आणि त्याला 'धुळे' नाव दिलं. राणेसाहेबांसमोर पहिली चाचणी झाली, मीही गेलो होतो. धुळ्याची मालाची यादी आणि जळगावची यादी ताडून प्रिंटरने कागद ओकला. साहेबांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "भारंबे, यात लिहिलंय की धुळ्यात पाइप आहेत आणि जळगावच्या कारखान्यात एकही नाही. मग इथं आपण बनवतो काय, हवा?"

सगळे हसले. माझ्या डोळ्यांपुढे आईचं मिटलेलं तोंड आलं. भाऊ मात्र कागद घेऊन खिडकीशी गेले आणि शांतपणे वाचत राहिले. मग वळून म्हणाले, "गहाळ झालेल्या सगळ्या मालाचे कोड अक्षरानं सुरू होतात. आकड्यानं सुरू होनारे बराबर जुळले." पाइपांचे कोड अक्षराने सुरू व्हायचे, पाइप वळवायच्या-जोडायच्या कोपर-सांध्यांचे आकड्याने. माझ्या धुळ्याच्या मशीनच्या क्रमात आकडे आधी, अक्षरं नंतर. जळगावच्या मशीनमध्ये उलटं, अक्षरं आधी. दोन याद्या बरोबरीने वाचत जाणारं अवजार क्रम चुकला की गोंधळतं, आणि माझी यादी तर धुळ्याहूनच क्रम लावून आलेली, म्हणून ती इथे पुन्हा लावावी हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"धुळ्याची मानसं, साहेब," भाऊ म्हणाले, "आधी आकडा इचारतात, मंग नाव." आणि मला कोपर मारून, "टाक, इथं परत क्रमानं लावायची एक ओळ टाक."

ती ओळ टाकली. पुन्हा कागद आला. साहेबांनी बोट फिरवत पाइप शोधले, सापडले, आणि खाली सही केली. डेपोत टेलिफोनच्या तारेने जळगावच्या मशीनला जोडलेलं एक टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, बसलं आणि मी धुळ्यातच राहिलो.

मी भाऊंचे आभार कधी मानले नाहीत. रोजच्या बोलण्यात ते राहून गेलं, पुढे लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपायीच बहुधा जाणंही टळत गेलं. आई त्यानंतर काही वर्षं होती. तिची खोली आम्ही अजून तशीच ठेवली आहे. भाऊ त्या खोलीत एकदाच आले, पण तिथे बसलं की मला आईइतकेच ते आठवतात. त्या खोलीतली माझी प्रत्येक दुपार त्यांनी मिळवून दिलेली होती. अशाच एका दुपारी मी तिला भरवून ताट उचलत होतो. कित्येक महिने आवाज नसलेली माझी आई छताकडे बघत, अडखळत, पण स्पष्ट, आमच्या अहिराणीत म्हणाली, "च्या... शे का?"

मी ताट तसंच ठेवून फोनकडे धावलो आणि जळगाव लावलं. काय बोललो ते आठवत नाही, रडतच होतो. पलीकडून भाऊ ओरडले,

"अरे मंग चहा टाक ना! मले कायले फोन करून राहिला? माय वाट पाहून राहिली तिकडे..."