पिवळा बंब

गोव्यातल्या पाळी गावच्या एका लोहखनिजाच्या खाणीवर आगीचा बंब चालवणारा शंभू एकटा राहत असे. बायको जानकी गेल्यावर दोडामार्गाकडचे घर त्याने भावाकडे सोडले आणि खाणीच्या चाळीतल्या एका खोलीत तो येऊन राहिला. बोलायला माणूस एकच, सगुण. बंब निघाला की शेजारी बसून पितळी घंटा वाजवायची आणि उरलेला वेळ शंभूची थट्टा करायची, हे सगुणचे काम.

"शंभ्या, दुसरी बायल कर मरे. ह्या बंबाक किती दिवस न्हाणयतलंस?"

"तू घंटी वाजय. तोंड नको."

गोव्याच्या मुक्तीला तेव्हा वीसेक वर्षे झाली होती आणि खनिजाच्या धुळीने त्या पट्ट्यात लाल नाही असे काही उरले नव्हते. रस्ता लाल, काजूची पाने लाल, दोरीवर वाळणारी धोतरेही लाल. खनिजाचे ट्रक भर दुपारी दिवे लावून धावत, तरी समोरचे दिसत नसे. असाच एकदा वाटेत पेटलेला ट्रक विझवून सगुण बंबामागे पाइप गुंडाळत होता. धुळीतून दुसरा, भरलेला ट्रक आला आणि थेट त्याच्यावर गेला. त्या ट्रकचा चालक नंतर रस्त्यात फतकल मारून एवढेच म्हणत राहिला, "धूळ दिसली. बंब दिसूक नाय."

सगुणचे दिवसकार्य उरकल्यावर शंभू खाणीचे व्यवस्थापक कृष्णनाथबाब यांच्यापुढे उभा राहिला.

"बाब, बंब पिवळो करा."

"शंभू, बंब लालच असतो. पोरांनी काढलेल्या चित्रातसुद्धा."

"चित्रातलो बंब ह्या रस्त्यार उभो ऱ्हवणा नाय."

सगुणच्या चितेजवळ कृष्णनाथबाबही उभे राहिले होते. त्यांनी होकार दिला. खाण खोल गेल्यापासून खालच्या वाड्यांच्या विहिरी आटल्या होत्या आणि कंपनीचा पिवळा टँकर तिथे पाणी घालत असे. त्या टँकरसाठी आणलेला रंग गोदामात शिल्लक होता, तोच बंबाला लागला. वाजवणारा उरला नाही म्हणून घंटा काढून विजेचा भोंगा बसवला. ती घंटा शंभूने मागून घेतली आणि खोलीत जानकीच्या फोटोखाली ठेवली. या बदलांचा अर्थ वाड्यांवर काय लागेल, हे कोणाच्याच मनात आले नाही. शंभूच्याही नाही.

उन्हाळ्यात खालच्या एका वाडीच्या वरच्या टोकाला ताराबाईचा गोठा पेटला. शंभूने भोंगा सुरू करून बंब पिटाळला. पण सुरुंगाआधी खाणीवर रोज असाच भोंगा होई; त्याच्याकडे लक्ष देण्याचे लोकांनी केव्हाच सोडले होते. फणसाखालच्या वळणावर टँकरसाठी रिकामे हंडे रस्त्यातच ओळीने मांडलेले होते. तिथे रांगेत माणूस नव्हे, हंडा उभा राही, आणि दुसरीचा हंडा कोणी हलवत नसे.

पिवळी गाडी दिसताच सावलीतल्या बायका हसत धावल्या. "इलो गो, टँकर इलो! आज लवकर इलो!"

"बाजूक होया! आग लागली हा!" शंभू ओरडला.

"आग आमच्या घशाक लागली हा," सुमंगला नावाची बाई चाकापुढे आपला हंडा सरकवत म्हणाली. "आधी पाणी सोड."

फणसामागून धूर वर चढला तेव्हा हशा थांबला. हंडे उचलेपर्यंत, बंब चढ चढेपर्यंत गोठ्याचे छप्पर खाली आले होते. गाय सुटली होती. ताराबाई वासराचे जळके दावे हातात धरून बसली होती.

"म्हणून सांगत होतो," कृष्णनाथबाब दुसऱ्या दिवशी म्हणाले. "पुन्हा लाल करू."

लाल रंगाने सगुण नेला होता, पिवळ्याने ताराबाईचे वासरू. शंभूला कळत होते की दिसणे निराळे आणि ओळखू येणे निराळे. पण बंब पुन्हा धुळीत मिसळून जाणे त्याला सहन होणारे नव्हते.

"रंग ऱ्हवांदे, बाब. घंटा परत बसयतंय."

"वाजवणार कोण? माझ्याकडे माणूस नाही."

"मीच."

मग सुटीच्या दिवशी तो दारोदार गेला. भोंगा म्हणजे सुरुंग, हॉर्न म्हणजे टँकर, घंटा म्हणजे बंब, असे सांगत फिरला. ताराबाईने त्याला बसायला पाट दिला आणि ती गाईला चारा घालायला निघून गेली. सुमंगला म्हणाली, "घंटी वाजली की हंडे उचलू. पण आमचो टँकर तेवढो वेळार धाडूक सांग." ते सांगण्याचा अधिकार शंभूला नव्हता. तरी त्याने होकारार्थी मान हलवली, आणि ती हलवल्याची त्याला लाज वाटली.

पुढे काजूच्या डोंगराला वणवा लागला. एका हातात चाक, दुसऱ्यात घंटेची दोरी, असा शंभू निघाला. वळणावर येईतो हंडे उचललेले होते. बायका रिकामे हंडे कमरेवर घेऊन कडेला उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोरून भरलेली टाकी डुचमळत गेली. कोणी हाक मारली नाही. त्याने जे मागितले होते ते त्याला पूर्ण मिळाले होते. आरशात त्याला हंडे पुन्हा ओळीने मांडले जाताना दिसले. इतक्या वर्षांत या गाडीकडे माणसे हसत धावून आली ती एकदाच, आणि तीही चुकून. धूळ दाट होऊ लागली तशी त्याने पुन्हा दोरी ओढली.