वैजयंती निघाली, गाडी निघेना

निरोप घेऊन झाला होता. सासूनं, साळुबाईंनी, कुंकवाचा करंडा बाहेर आणला, लावावं की नाही म्हणून जराशा थांबल्या आणि मग लावलंच. वैजयंती सासूच्या पाया पडली, सासऱ्यांच्या पाया पडली, ओटा उतरून गाडीत बसली आणि तिनं चावी फिरवली. इंजिन नुसतं खर्र खर्र फिरत राहिलं. चालू झालं नाही.

हे मला वैजयंतीनंच सांगितलं, घाटघरच्या वाटेवर. मी जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत आरोग्यसेविका म्हणून फिरते. लसीकरणाच्या दिवशी तिची गाडी ठरलेली असते. ती कमी बोलते, आणि बोलते तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी हकीकत सांगावी तशी सांगते.

तिचं माहेर बोरी बुद्रुकचं आणि सासर महाळुंगे पडवळचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नवऱ्यानं, अमृतनं, तिला गावाबाहेरच्या माळावर गाडी शिकवली. "क्लच हळू सोड, बेडकावानी उड्या मारती का काय," म्हणून तो हसायचा. अमृत चाकणला कंपनीत होता. आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्यातून एकदा, मग फक्त सणाला. गाडी मात्र गावातच राहिली आणि ती चालवायची वैजयंतीनं. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन, सासऱ्यांची मंचरची कामं, आळीतली कोणी अडलेली बाळंतीण, सगळीकडं तीच. अमृतचं चाकणला दुसरं बिऱ्हाड आहे हे गावाला आधी कळलं, सासू-सासऱ्यांना मागाहून. वैजयंतीला कधी कळलं, हे तिला नीट सांगता येत नाही. "म्हाईत व्हतं की नव्हतं, कुणास ठाऊक," ती म्हणते. "धुणं वाळत घालताना एक दिवस वाटलं, आपल्याला हे म्हाईतच हाय की."

भांडण झालं नाही. ती बोरीला भावाकडं गेली आणि पुढं कोर्टात दोघांच्या संमतीनं सगळं उरकलं. जज्जांनी विचारलं, स्वतःच्या मर्जीनं करताय ना? ती हो म्हणाली. "पाणी घेता का असं कुणी विचारावं अन् आपण हो म्हणावं, तसं," ती मला म्हणाली. तिनं मागितली ती फक्त गाडी. ती आणायला आणि आपलं सामान न्यायला ती त्या दिवशी महाळुंग्याला आली होती. धाकटा भाऊ गोरख पिकअप घेऊन सोबत होता. कपाट, शिलाई मशीन, दोन ट्रंका पिकअपमध्ये चढल्या होत्या, दोरीही आवळून झाली होती. अमृत गाडीचे कागद द्यायला चाकणहून आला होता आणि फाटकापाशी उभा होता. आता कुणी कुणाशी काही बोलायचं उरलं नव्हतं.

आणि गाडी निघेना.

"बॅटरी उतरली असंल, ताई," गोरख म्हणाला.

"कशी उतरंल?" ओट्यावरून हौशीराम म्हणाले. "आठ दिसाला मी चालू करून ठिवत व्हतो. म्हनलं, पोरीला न्यायच्या येळंला अडायला नको. मागल्या आठवड्यात तर झ्याक चालू झाली."

वैजयंतीनं सासऱ्यांकडं पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. तिनं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा तेच. पेट्रोलचा काटा निम्म्यावर होता.

"धक्का मारून बघू," अमृत म्हणाला.

मग तिघांनी मागून गाडी ढकलली. भाऊ, सोडलेला नवरा आणि सासरा. हौशीरामांचं धोतर टाचेखाली येत होतं. फाटकातून गाडी बाहेर आली, उताराला लागली, तिनं दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. गाडी गचका खाऊन थांबली. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली होती. ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. तिघांनी गाडी परत मागं रेटत अंगणात आणली, कारण रस्त्यात तशी उभी ठेवणं बरं दिसत नव्हतं.

वैजयंतीनं कळंबच्या जानकूला फोन लावला. गाडीची सगळी कामं ती त्याच्याच गॅरेजमध्ये करून घ्यायची आणि काम चालू असताना स्टूल घेऊन तिथंच बसायची. दोन तास घरापासून लांब बसायला मिळायचं, म्हणून. जानकू एका लग्नाला घोडेगावला गेला होता. मागं बँड वाजत होता.

"संध्याकाळी येतो, वहिनी. चालंल का?"

संध्याकाळपर्यंत इथं थांबायचं म्हणजे जेवण आलं, दुपारचं लवंडणं आलं, चहा आला. तिनं ओट्याकडं पाहिलं. साळुबाई आत निघून गेल्या होत्या आणि आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

"नाय चालायचं," ती म्हणाली.

"मग एक करा. चावी निम्मी फिरवा, स्टार्टर मारू नका. मागच्या शिटाखालनं आवाज येतो का बघा. झूं करून."

तिनं चावी निम्मी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले. मागून काहीच आवाज आला नाही. एवढी वर्षं तो आवाज यायचा, दोन-तीन सेकंद, आणि मग ती गाडी चालू करायची. तो आवाज आहे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आज नव्हता तेव्हा कळलं.

"नाय येत," ती म्हणाली.

"म्हंजी पंपाला करंट नाय. टाकीतनं पेट्रोल वर येईना. आधी फ्यूज बघा," जानकू म्हणाला आणि बँडच्या गोंगाटात फोन तुटला.

फ्यूज कुठं असतो ते तिला ठाऊक होतं. मागं एकदा हॉर्न बंद पडला होता तेव्हा जानकूनं तिच्यासमोरच बदलला होता. चावी बंद करून तिनं बॉनेट उघडलं आणि बॅटरीशेजारच्या काळ्या डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा होता, अक्षरं मुंगीएवढी. अमृत जवळ आला आणि त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला.

इथं एक अडचण झाली. लग्नापासून ती अमृतला 'अहो' म्हणत आली होती. आता काय म्हणायचं हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. ती म्हणाली, "उजेड इकडं पायजे." त्यानं उजेड तिकडं केला.

पंपाचा फ्यूज सापडला. निळा, पंधरा अँपिअरचा. तो खोल बसला होता आणि चिमटीत येत नव्हता. ओढायचा प्लॅस्टिकचा चिमटा कधीच हरवला होता. साळुबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या, घटकाभर पाहत राहिल्या, कप ओट्यावर ठेवले आणि आतून काटे काढायचा चिमटा घेऊन आल्या. करंड्याशेजारी खिळ्याला तो कायम टांगलेला असायचा.

"ह्यो घे," त्या म्हणाल्या. "चा गार हुईल, आधी घे."

"घेते, आत्या."

फ्यूज निघाला. तिनं तो उन्हात धरला. आतली बारीक तार मधोमध तुटली होती आणि तिथलं प्लॅस्टिक काळवंडलं होतं. गोरखनं मान पुढं काढून पाहिलं. "येवढ्याश्यानं व्हय?" तो म्हणाला. सगळ्यांनी चहा घेतला. चहात आलं होतं. सासूबाई तिच्याच कपात कायम आलं जास्त घालायच्या. आजही घातलं होतं. तिला ते जिभेवर लागलं, पुढं कुठं गेलं नाही.

डबीत जादा फ्यूज एकच होता, पिवळा, विसाचा.

"ह्योच घाल," अमृत म्हणाला. "मोठा हाय, परत जळायचा नाय."

"नाय. पंधराचा हाय तिथं पंधराचाच. मोठा घातला तर फ्यूज ऱ्हाईल अन् वायर जळंल."

हे ती फार सरळ आवाजात बोलली. पण अमृतनं मान खाली घातली, आणि मग तिलाही आपण काही वेगळंच बोललो की काय असं वाटलं. तसं नव्हतं. ती फ्यूजबद्दलच बोलत होती.

नुसता नवा घालून भागणार नव्हतं. फ्यूज उगाच जात नाही, हेही तिनं गॅरेजच्या स्टुलावर बसून ऐकलं होतं. तिनं मागचं दार उघडून सीट उचलली. खाली उंदरानं घर केलं होतं. सीटमधला फोम, कागदाचे कपटे, लसणाची सालं. पंपाच्या झाकणापाशी येणारी वायर त्यानं कुरतडली होती आणि उघडी पडलेली तांब्याची तार गाडीच्या पत्र्याला टेकत होती.

"मांजर मेल्यापास्नं लई झाल्यात," हौशीराम म्हणाले. जणू चूक त्यांचीच होती. ते लगबगीनं गोठ्याकडं गेले आणि विहिरीवरच्या मोटारीची काळी टेप घेऊन आले.

वैजयंती मागच्या जागेत गुडघ्यावर बसली. अमृत दुसऱ्या दारानं आत वाकून उजेड धरून होता. इतक्या जवळ ते दोघं बऱ्याच काळात आले नव्हते. त्याच्या अंगाला वेगळ्या साबणाचा वास होता. तिनं वायर पुसली, टेप ताणून गुंडाळायला घेतली.

"वैजू," तो हळूच म्हणाला, "तू मला कधी शिव्याबी नाय दिल्या."

ती टेप गुंडाळत राहिली.

"दिल्या असत्या तर बरं व्हतं."

"कुणाला?" तिनं विचारलं.

तिनं मुद्दाम तसं विचारलं नव्हतं. कुणाला बरं वाटलं असतं हे तिला खरंच कळत नव्हतं. तिनं आत शोधून पाहिलं, म्हणाली. राग कुठं आहे का, रडू कुठं आहे का. हात लावून बघावा आणि बधिर झालेल्या पायाचं बोट सापडू नये, तसं झालं. टेपचं टोक मात्र नीट बसलं पाहिजे एवढं तिला वाटत होतं. तिनं ते अंगठ्यानं दाबलं, मग पुन्हा दाबलं.

मागच्या काचेच्या वायपरचा फ्यूजही पंधराचाच होता. वायपरचं आज काम नव्हतं. तिनं तो उपसून पंपाच्या जागी बसवला, झाकण लावलं आणि चावी निम्मी फिरवली.

झूं.

सगळ्यांनी तो ऐकला. साळुबाईंनीसुद्धा, ओट्यावरून. कुणी हसलं नाही. वैजयंतीनं स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

आता पुन्हा निरोप आला. पण तो तर मघाच झाला होता. दुसऱ्यांदा पाया पडायचं की नाही? तिनं इंजिन चालू ठेवूनच खाली उतरून चिमटा सासूच्या हातात दिला. साळुबाईंनी तो पदराला पुसला. त्यांचा हात तिच्या कोपरापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

"रस्त्यात बंद नाय ना पडायची?"

"नाय पडायची."

"पडली तर फोन कर. आमाला कर," साळुबाई म्हणाल्या आणि मग आमाला म्हणजे कुणाला, हे त्यांनाच कळेना. त्यांनी हात काढून घेतला. "न्हाईतर गोरख हाईच की संगं."

हौशीराम टेपचं उरलेलं रीळ तिच्या गाडीत टाकून गेले. अमृतनं फाटक पूर्ण उघडून धरलं. जाताना त्याच्याकडं पाहिलं का, असं मी तिला विचारलं. तिनं आरसा पाहिला, म्हणाली. डावीकडं भिंत जवळ होती.

कळंबला महामार्ग लागला. नारायणगावापर्यंत गोरखची पिकअप पुढं होती, कपाटाचा आरसा उन्हात मधूनमधून तिच्या डोळ्यांवर यायचा. ती कान मागं लावून चालवत होती. टेप धरते की नाही, एवढाच विचार. बोरीला पोचल्यावर भावजयीनं विचारलं, मशीन कुठं ठेवायचं? तिनं कुठंही म्हणून सांगितलं आणि जाऊन झोपली. उठली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच. रडली का, म्हणून भावजय उशी बघून गेली. उशी कोरडी होती.

काही दिवसांनी जानकूनं वायर नीट बदलून दिली. तुमची टेप अजून वर्षभर चालली असती म्हणाला. पुढं तिनं गाडी भाड्यानं चालवायला घेतली. दवाखान्यात, बँकेत जाणारी गावातली माणसं न्यायची-आणायची. तशीच ती माझ्याकडं आली. साळुबाईंचा सणासुदीला फोन येतो. बोलणं होतं, पाऊस किती, कांदा कसा आहे. वैजयंती नीट उत्तरं देते. अमृतचं नाव दोघी काढत नाहीत, ठरवून नाही, निघत नाही म्हणून.

मी एकदा तिला स्पष्टच विचारलं, आता तरी काही वाटतं का? घाटघरच्या शाळेपुढं गाडी लावून आम्ही बसलो होतो. नाणेघाटाकडून वारा येत होता, दार उघडलं की हातातलं लसीकरणाचं कार्ड उडायचं.

तिनं विचार केला. मला वाटलं, सांगेल काही. "पायाला मुंग्या येत्यात ना, सिस्टर, तसं कदी कदी व्हतं," ती म्हणाली. "मंग परत जातं."

तेवढ्यात शाळेच्या पडवीतून एक म्हातारी काठी टेकत आली. तिला आपटाळ्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं आणि एसटी निघून गेली होती. मी वैजयंतीकडं पाहिलं. ती आधीच खाली उतरली होती आणि मागच्या सीटवरचे माझे लसीचे डबे पुढं आणून ठेवत होती.

"मागंच बसा, आजी," ती म्हणाली. "पुढं लई ऊन येतं."