बूड न टिकणारी पोरं

"या लोकांच्या पोरांचं बूड कुठं टिकतं? आमची चिऊ दिवसभर या मावशीपाशी असते. तिचाच गुण लागला."

वहिनी हे बैठकीत म्हणाल्या. समोर शिकवणीच्या पोरांचे आईबाप. मी, त्यांच्या घरची कामवाली मावशी, चहाचा ट्रे धरून उभी.

एकजण म्हणाला, "ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की असंच व्हायचं." सगळे हसले.

मी म्हणाले, "हो वहिनी." आणि कप गोळा केले.

जालन्यात केबल नवी नवी आली होती. साहेब बाहेरच्या खोलीत शिकवण्या घ्यायचे. तिथं चिऊचा आवाज जायला नको. म्हणून तिला आतल्या खोलीत ठेवायचं, टीव्ही लावायचा, घास भरवायचे. गल्लीत सोडायचं नाही. गल्लीतली पोरं खराब. हुकूम वहिनींचा. चिऊ चावायची नाही, नुसती गिळायची. नजर पडद्यावर. बंद केला की भिंतीवर डोकं आपटायची. मग तिला शाळेत घातलं. शाळेनं कळवलं, पोरगी जागेवर बसत नाही, सांगितलेलं ऐकत नाही.

दोष कुणाचा? माझ्या जातीचा. आम्ही बौद्ध होऊन किती वर्षं झाली होती. त्या घरात माझी जात संपली नव्हती.

लाज याची वाटते की मला ते पटलं. संध्याकाळी घरी आले. नात उंबऱ्यापाशी बसून पाढे लिहीत होती. मी उठून उठून तिच्याकडं बघत राहिले. आता हलेल, मग हलेल. शेवटी ओरडले, "नीट बस की गं! बूड टिकत न्हाई का तुझं?"

तिनं मान वर केली. "आजी, मी बसलेलीच हाये. तूच घडीघडी उठून राह्यली."

वहिनींची जीभ मी माझ्या घरात आणली होती. रात्रभर माझीच मला किळस आली.

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "मावशी, चिऊला आत घ्या. टीव्ही लावा, जल्दी."

"न्हाई लावणार."

"काय?"

"पोरगी तुमची, टीव्ही तुमचा, हुकूम तुमचा. मंग बट्टा आमच्या लोकांना कसा? काल चारचौघांत बोललात, आज चारचौघांत मागं घ्या."

"लई शहाणी झालीस गं! उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं कशाला? ही मी निघाले."

वहिनींनी स्वतःच टीव्ही लावला. मी चिऊला "जाते" म्हणाले. तिनं वळून बघितलं नाही.

पुढं कामं धरली, सोडली. धरताना पहिलंच सांगते: पोरगं सांभाळीन, पण अंगणात. आणि माझ्या माणसांवर एक शब्द आला, तर पोरगं तुमच्या हातात देईन आणि त्याच पावली निघेन.