ॲपलबीचा चमचा

विल्फी गेल्याचा फोन आला तेव्हा बहरीनला, बाब अल बहरीनच्या बाजारातल्या माझ्या कापडाच्या दुकानात मी एका बाईला अस्तराचा रंग जुळवून देत होतो. फोन सलमानियातून होता. ज्या इस्पितळात त्याने नोकरीभर लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढले, तिथेच तो झोपेत गेला होता. मी कापड तसंच टाकलं आणि बाईला म्हणालो, "आज खलास, उद्या या." आता काही आठवडे उलटलेत, तरी संध्याकाळी माझ्या हातून चहाचे दोन कप काढले जातात आणि मग त्याचा रागच येतो. न सांगता उठून जायची सवय त्याला कधी नव्हती...

विल्फ्रेड ॲपलबी, वसईचा. त्याच्या गावात सगळे डिसोझा, परेरा, लोपीस; हा एकटाच ॲपलबी. मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, फणसोपकर. पहिल्याच भेटीत मी त्याला विचारलं होतं, "नाव साहेबाचं आणि रंग माझ्याहून पक्का, हे कसं काय बुवा?" तो हसला नाही. मैत्री मुरल्यावर त्याने सांगितलं. त्याची पणजी खाडीवरच्या रेल्वेपुलाच्या कामावर पाट्या वाहायची. ती पोटुशी असताना नवरा खाडीत बुडाला. पुढे ती बाळासकट ख्रिस्ती झाली आणि बाळाला लागलं पुलावरच्या गोऱ्या साहेबाचं आडनाव. साहेब एक चांदीचा चमचा देऊन मायदेशी निघून गेला. गावाला बोलायला एवढं पुरेसं होतं. तेव्हापासून घरातली प्रत्येक पिढी 'साहेबाची पोरं' हे ऐकतच वाढली. बहिणींना तो चमचा डोळ्यांसमोर नको होता, म्हणून विल्फी इकडे घेऊन आला आणि मोज्यांच्या खणात दडवून बसला. "ती खरंच तसली होती का रे, फणसोपकर?" असं तो मधूनच विचारायचा. कधी न पाहिलेल्या बाईबद्दल मी काय सांगणार? मी चहा ओतायचो.

एके दिवशी एक्स-रेच्या दारात उभं राहून त्याला स्वतःचंच आडनाव पुकारावं लागलं. मनगट मोडलेला एक म्हातारा इंग्रज उठून आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं... आणि म्हाताऱ्याने त्याला अमवाज बेटावरच्या आपल्या घरी चहाला बोलावलं. विल्फीने मलाही ओढत नेलं. चमचा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला होता.

म्हातारा बोलका निघाला. ॲपलबी म्हणजे सफरचंदांचं गाव, तो म्हणाला. त्यातला 'बी' हा गावाला असलेला शब्दसुद्धा मूळ इंग्रजांचा नाही, होड्यांतून आलेल्या डेन लोकांचा. लुटायला आले आणि नांगर धरून तिथलेच झाले. पुढे त्या गावचा कुणी दुसरीकडे राहायला गेला की लोक त्याला गावाच्या नावाने हाक मारायचे. ते नाव मग गिरण्यांकडे गेलं, बंदरांकडे गेलं, रेल्वेच्या कामाबरोबर हिंदुस्थानात उतरलं. मी म्हणालो, "म्हणजे आमच्यासारखंच की. फणसोपात बसून राहिलेल्याला फणसोपकर कोण म्हणणार? गाव सोडलं की माणूस 'कर' होतो." म्हातारा खूश झाला. मी मात्र थक्क झालो होतो. कुठल्या थंड मुलखातलं सफरचंदाचं झाड, कुठली वसईची खाडी, आणि ते नाव आता या वाळवंटात माझ्या दोन्ही बाजूंना बसून चहा पीत होतं.

मग विल्फीने रुमाल सोडला. म्हाताऱ्याने चमचा उजेडात धरला. "हा बाप्तिस्म्याचा चमचा," तो म्हणाला. "आमच्याकडे बाप्तिस्म्याला बाळासाठी उभा राहणारा धर्मबाप देतो."

"बाप देत नाही?" विल्फीचा आवाज चिरकला.

"बाप कशाला देईल? देतो तो धर्मबापच."

विल्फीने चमचा पुन्हा रुमालात गुंडाळला. परतीच्या वाटेवर समुद्राच्या कडेला त्याने गाडी थांबवायला लावली. "आमच्या गावात एकाही डिसोझाच्या अंगात पोर्तुगीज रक्त नाही," तो म्हणाला. "बाप्तिस्म्याला जो उभा राहिला, त्याचं आडनाव लागलं. शेंबड्या पोराला माहीत आहे हे. आणि आमच्याच घराच्या बाबतीत कुणाला सुचू नये? बुडालेल्या गड्याच्या पोरासाठी तो बिचारा उभा राहिला, आणि आम्ही पणजीला..." तो रडला, लहान मुलासारखा. मीही रडलो.

त्या दिवसापासून तो चमचा चहात आला. विल्फी रोज त्यानेच साखर ढवळायचा, नको इतका वेळ. त्याला मूलबाळ नव्हतं. आपलं आडनाव आपल्याबरोबर संपणार हे तो जाणून होता. शेवटचा इस्पितळात जाताना त्याने चमचा माझ्या हातात ठेवला. "तुझ्या नातीला दे. धर्मबाप होणं तुमच्यात चालत नाही, पण खिमट भरवायला तरी हरकत नाही ना?"

काल आमच्या छोटीने पहिलं खिमट खाल्लं. निम्मं माझ्या सदऱ्यावर. सूनबाई चमचा धुता धुता थबकली. "अब्बा, एवढा जुना चमचा कुणाचा?"

'विल्फीचा' असं ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, "विल्फीच्या पणजीचा."