लाईट गेली की ओरडणारा मुद्देमाल

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांचे मला चेहरे आठवतात. ही घटना मात्र आजही आधी कानात वाजते आणि मग आठवते. पीप, पीप, पीप.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी बारामती भागात फौजदार होतो. आमच्या ठाण्यात एक टाईपरायटर होता, एक वायरलेस सेट होता आणि त्या सेटला जोडलेल्या दोन बॅटऱ्या होत्या. त्या बॅटऱ्यांत रोज सकाळी पाणी घालायचे काम आमचे जुने हवालदार देवपूजेसारखे करत. ठाण्यातले दिवे गेले तर चालतील, सेट बंद पडता कामा नये, असा त्यांचा बाणा होता. संगणक नावाची वस्तू त्यांनी आणि मी फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिली होती.

अशात एका गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, एका खासगी दूध प्रकल्पाचे व्यवस्थापक फिर्याद द्यायला आले. प्रकल्पाचे नाव सांगणार नाही. शर्ट खोचलेला, केस चापून बसवलेले, खिशात दोन पेनं. त्यांच्या मागोमाग प्रकल्पाचे मालक. ते त्याच सकाळी पुण्याहून आले होते.

व्यवस्थापकांचे म्हणणे असे. त्यांच्या कार्यालयात एक सर्व्हर आहे, म्हणजे मुख्य संगणक. त्यात आसपासच्या गावांतल्या गाईंची दहा वर्षांची माहिती आहे. कुठल्या गाईला कुठल्या वळूची कालवड झाली, कुणाला कुठली लस टोचली, कुणाचे दूध किती. लाईट गेली तर सर्व्हर चालू राहावा म्हणून त्याला यूपीएस लावलेला असतो. तो यूपीएस बुधवारी चोरीला गेला. दुपारी लाईट गेली, सर्व्हर धाडकन बंद पडला आणि आतली डिस्क कायमची गेली. अशा वेळेसाठी माहितीची नक्कल टेपवर काढून कपाटात ठेवतात. त्या दोन्ही टेप पाहिल्या, तर त्या कोऱ्या.

"म्हंजी साहेब," हवालदार माझ्या कानाशी लागले, "मुद्देमालाची खोली जळाली, आन रजिष्टरबी गेलं."

संगणकाचे इतके सोपे स्पष्टीकरण मला पुढे कुठल्याही अभियंत्याकडून मिळाले नाही.

"संशय कुणावर?" मी विचारले.

व्यवस्थापकांनी लगेच उत्तर दिले. "आमच्या ऑपरेटर बाईंवर. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. माझ्याशी दोनदा वाद घातला. आणि नेमक्या बुधवारीच त्या रजेवर."

इथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. ज्याची वस्तू खरोखर चोरीला जाते, त्याला संशयिताचे नाव चटकन सुचत नाही. तो आधी वस्तूचे वर्णन करत बसतो. व्यवस्थापकांनी यूपीएसचा रंगसुद्धा सांगितला नाही. मी मनात एक खूण केली आणि पंच घेऊन जागेवर गेलो.

पंचनाम्यात दार फोडल्याची खूण नव्हती. कपाट उघडले, तर वरच्या कप्प्यात टेपच्या दोन डब्या आणि त्यांना टेकून दोन काळे स्पीकर. प्रकल्पाच्या गणपतीचे स्पीकर वर्षभर तिथेच ठेवलेले असत. हवालदार आत वाकले आणि त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खट् करून स्पीकरच्या पाठीला चिकटला.

"आयला," ते म्हणाले, "हे धरतंय की."

स्पीकरच्या पाठीला पेल्याएवढे चुंबक होते. मी ते पंचनाम्यात लिहून घेतले. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हते.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या घरी जायचे, असा नियम आहे. ऑपरेटर बाई सणसरच्या. स्टेशन डायरीत नोंद केली, महिला शिपाई बरोबर घेतली आणि जीपने निघालो. घर साधे, अंगण सारवलेले. दारात एक म्हातारा लोकरीच्या सुताला पीळ देत बसला होता. तिचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणत. आख्खी हयात मेंढरांमागे चाललेला माणूस. पोरांनी आता ऊस लावला होता, एक नातू शाळेत मास्तर झाला होता, आणि ही नात कारखान्यांच्या मुलुखात संगणक शिकलेली घरातली पहिली पोर.

मुलगी पंचविशीची. घाबरलेली, पण प्रश्नाला उत्तर तयार.

"बुधवारी कुठे होतात?"

"आत्येबहिणीची सुपारी फुटली, काटेवाडीला. रजेचा अर्ज सोमवारीच दिलाय."

"व्यवस्थापकांशी वाद कशाचा?"

"त्या स्पीकरचा. चुंबकानं टेप पुसतात साहेब. दोनदा लेखी दिलं, कपाटातनं काढा म्हणून. ते म्हणाले, गणपती काय रस्त्यावर ठेवू का."

किल्ल्यांचा जुडगा का चिकटला, ते आता कळले. मी अर्जांच्या कार्बन प्रती मागितल्या. तिने पिशवीतून चटकन काढून दिल्या. मग मी सहज विचारले, "टेपच्या एकूण प्रती किती?"

एवढा वेळ धडाधडा बोलणारी मुलगी थांबली. आजोबांकडे पाहिले, पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि म्हणाली, "दोन."

दोन हा आकडा काही आठवून सांगावा लागत नाही. मी दुसरी खूण केली.

परतल्यावर दोन दिवस हाती काही लागले नाही. मालकांचा पुण्याहून रोज फोन. यूपीएस मिळो न मिळो, टेप बाईंच्या ताब्यात होत्या, तेव्हा नोकरी तर जाणारच, वर गुन्हाही दाखल करा, असे त्यांचे म्हणणे. बारामतीसारख्या गावात एकदा पोलिसांत नाव गेले की त्या मुलीला दुसऱ्या कुठल्या कचेरीने दारातही उभे केले नसते.

तिसऱ्या दिवशी खबर आली. आमचा एक खबऱ्या स्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा. सकाळी ठाण्यात येऊन तो बाकावर बसला आणि पंप मारल्यासारखा बोलू लागला.

"साहेब, माझ्या घरामागं त्या डेरीच्या म्यानेजरचा बंगला हाय. त्यात काय तरी पाळलंय त्यांनी."

"काय पाळलंय?"

"ते कळंना. पण लाईट गेली की वरडतंय. पीप, पीप. लाईट आली की गप. आमच्या गल्लीतली कुत्री येडी व्हायची बाकी राह्यलीत."

हवालदारांनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. लाईट गेली की जागी होणारी एकच वस्तू आमच्या फिर्यादीत होती.

त्या दिवशी दुपारी दोन पंच, हवालदार आणि मी बंगल्यासमोरच्या लिंबाखाली चहा घेत बसलो. आयुष्यभर लाईट गेली की वीज मंडळाला शिव्या घातल्या. त्या दिवशी मात्र आम्ही चौघे दिवे जाण्यासाठी जीव टांगणीला लावून बसलो होतो. आणि नेमकी त्या दिवशी लाईट जाईना. चहा तीनदा झाला.

"सरकारी कामाला कधी वेळेवर आलीया का ती," हवालदार म्हणाले.

एवढ्यात समोरच्या रसवंतीचे चाक घरघरत थांबले. पंखे थांबले. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. आणि बंगल्यातून स्वच्छ, सुरेल आवाज आला. पीप. पीप. पीप.

आम्ही फाटक उघडून आत गेलो. दिवाणखान्यात व्यवस्थापकांचे सासरे आरामखुर्चीत बसून क्रिकेटचा सामना पाहत होते. आख्खी गल्ली बंद, यांचा टीव्ही चालू. टीव्हीमागे लाल दिवा लुकलुकणारा खोका.

"या, बसा," सासरे म्हणाले. "जावयांनी माझ्यासाठी कचेरीतनं मशीन आणलंय. ओरडतं फार, पण षटक चुकत नाही."

तेवढ्यात बाहेरून आलेल्या व्यवस्थापकांच्या चेहऱ्याचे मी वर्णन करत नाही. त्यांनी पाणी मागितले आणि सगळे सांगून टाकले. बुधवारी बाई रजेवर होत्या, सासरे आलेले, सामना होता. एका दिवसाचा प्रश्न, गुरुवारी पुन्हा ठेवू म्हणून त्यांनी यूपीएस घरी नेला. दुपारी लाईट गेली आणि सर्व्हर पडला. तो धक्का पचायच्या आत गुरुवारी सकाळी मालक दारात. यूपीएस कुठे, म्हणून त्यांनी विचारले. "चोरीला गेला," असे तोंडातून निघून गेले. मालक म्हणाले, चला पोलीस ठाण्यात. मग त्या एका शब्दाला जागण्यासाठी चोर लागला.

"आणि अजून वापरत का होता?" मी विचारले.

"सासऱ्यांना काय सांगणार, साहेब?" ते म्हणाले. "मालिका संपायची होती."

मशीन जप्त केले. खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांच्यावर रीतसर कारवाई झाली. पण गाईंची दहा वर्षांची वंशावळ गेली ती गेलीच, आणि टेप बाईंच्या ताब्यात होत्या हे मालकांचे पालुपद काही सुटेना. माझ्या डोक्यात ती दुसरी खूण टोचत होती. मी पुन्हा सणसरला गेलो.

मुलगी आत चहा करत होती. मी आबांजवळ बसलो आणि मेंढरांचा विषय काढला. पोलिसाला प्रश्न विचारता आले पाहिजेत, त्याहून गप्पा मारता आल्या पाहिजेत.

"आबा, रोगाची साथ आली की काय करायचात? मेंढरांचा आख्खा वाडाच जायचा असेल."

"आख्खा कसा जाईल?" आबांनी सुताला पीळ दिला. "आमी कवा सगळी मेंढरं एकाजागी ठेवलीच न्हाईत. धा-बारा चांगल्या मेंढ्या पाव्हण्याकडं सोडायच्या, दुसऱ्या गावात. हितं लांडगा पडू दे न्हाय तर रोग येऊ दे, तितनं पुन्ना वाडा हुबा ऱ्हातो. ही पोर बारीक हुती तवा माझ्यासंगं जायाची काटेवाडीला, तितली मेंढरं मोजायला."

आत कपबशी वाजली.

"ताई," मी न वळता म्हणालो, "तिसरी टेप काटेवाडीला आहे का?"

तिने स्टोव्ह बंद केला. मग ती उंबऱ्यात आली. "दर शनिवारी तिसरी प्रत काढते साहेब. गाडी काटेवाडीवरनंच येते. आत्याकडं उतरायचं, धान्याच्या कोठीत पितळी डब्यात ठेवायची, पुढच्या गाडीनं घरी. पण कचेरीत लिहिलंय, इथली कोणतीही वस्तू बाहेर न्यायची नाही. खाली माझी सही आहे. टेप दाखवली असती तर चोर मीच ठरले असते."

"मग आता का सांगता?"

ती म्हणाली, "आबांनी सांगितलंच की सगळं."

आबा सुताकडे बघत राहिले. "म्या मेंढराचं बोललो. टेप मला काय ठावं?"

मी तिला कायदा समजावला. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. मालकाची वस्तू मालकासाठीच जपून ठेवणे ही चोरी नव्हे, फार तर नियमभंग. तरीही टेप तिने स्वतःहून हजर केली, असे पंचांसमोर लिहून घेतले, म्हणजे पुढे कुणी शब्द फिरवू नये. काटेवाडीला आत्याबाईंकडे जाऊन डबा उघडला, तर टेप घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. हवालदारांनी ती दोन्ही हातांनी, बाळासारखी धरून जीपमध्ये आणली. किल्ल्यांचा जुडगा मात्र आठवणीने मला दिला.

पुण्याहून अभियंता नवी डिस्क घेऊन आला. जप्त यूपीएस न्यायालयाच्या परवानगीने मालकांच्या ताब्यात दिला होता. टेप चढवायला घेतली. मालक, मुलगी, आबा आणि आम्ही पडद्याकडे बघत उभे. अर्धे काम झाले असेल, आणि लाईट गेली.

खोलीत अंधार झाला. मालकांनी डोळे मिटले. आणि टेबलाखालून आवाज आला. पीप. पीप. पीप.

पडदा चालूच होता. एकेक ओळ खालून वर सरकत होती. कपिली, गौरी, चंद्री, पुन्हा गौरी.

"वरडू द्या," हवालदार म्हणाले. "आज त्याची ड्युटी हाय."

त्या शनिवारनंतरच्या उरलेल्या नोंदी गावागावांतल्या वह्यांवरून भरून काढल्या. स्पीकर कपाटातून बाहेर गेले. संगणक विभाग त्या मुलीकडे आला, आणि मालकांनी भिंतीवरची सूचना बदलून घेतली. नव्या सूचनेत लिहिले होते की दर शनिवारी एक प्रत काटेवाडीला जाईल. आत्याबाईंच्या पितळी डब्याला कचेरीचे कुलूप मिळाले, त्याची तेवढी त्यांना अडचण झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवले? गप्प राहणारा प्रत्येक माणूस काही लपवत असतो हे मला ठाऊकच होते. पण कधी कधी तो दुसऱ्यांचे भले लपवून बसलेला असतो, हे मला त्या अंगणात कळले. तेव्हापासून संशयिताच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्याशी बोलल्याशिवाय मी कुणाला हात लावला नाही.

आणि हो, या आठवणींच्या हस्तलिखिताच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या टेबलावर आहे, एक प्रकाशकांकडे. तिसरी कुठे आहे ते मी बायकोलाही सांगितलेले नाही. परवा आत्याबाईंचा निरोप आला, डबा आता भरत आलाय म्हणून.